तडा आधी कुठे असतो?

भाभा अणुसंशोधन केंद्राने तारापूरला एक वास्तू फुटेपर्यंत ताणून पाहण्यासाठीच उभारली. तारापूरच्या ३ आणि ४ क्रमांकाच्या, ५४० मेगावॉटच्या अणुभट्ट्यांना पूर्वताणित काँक्रीटचे कवच आहे. ही वास्तू त्या कवचाची एक चतुर्थांश मापाची प्रतिकृती, नाव ‘बारकॉम’. आतला दाब वाढवत न्यायचा आणि काँक्रीट केव्हा, कुठे तडकते ते टिपायचे. देशोदेशींच्या अभ्यासगटांनी आपापली भाकिते संगणकावर आधीच मांडली होती.

भाकीत करता येते, म्हणजे तडा आधीपासूनच तिथे होता का?

प्राचीन भारतीय दर्शनांपैकी सांख्य म्हणतात, होता. कार्य कारणात असतेच. तेल तिळातून निघते, वाळूतून निघत नाही. न्याय दर्शनाच्या नैयायिकांना हे मान्य नाही. उत्पत्तीपूर्वी कार्याचा अभावच असतो, ते नव्याने घडते.

१९२१ साली ग्रिफिथ या इंग्रज अभियंत्याने दाखवले की काच तिच्या रेणूंच्या बंधांवरून अपेक्षित असलेल्या ताकदीपेक्षा फार लवकर फुटते, कारण डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगा तिच्यात आधीच असतात. इथे सांख्यांचे पारडे जड होते.

आघाताचा प्रसंग मात्र ते फिरवतो. जर्मन संशोधक काल्टहोफ आणि विंकलर यांनी खाचा पाडलेल्या पोलादी पत्र्यांवर प्रक्षेपक आदळवले. त्यांचे निष्कर्ष १९८७ मध्ये पुढे आले. वेग कमी असताना खाचेच्या टोकातून निघालेला तडा सुमारे ७० अंशांत वळला. वेग वाढवल्यावर तो वळलाच नाही. धातू खाचेच्या जवळजवळ रेषेतच कातरला गेला. पोलाद तेच, खाच तीच, पण शेवट निराळा. बीज होतेच, पण त्यातून काय उगवणार ते आघाताने ठरवले. तडे वर्तवणाऱ्या नव्या संगणकीय पद्धती आजही या प्रयोगावर पारखल्या जातात.

त्या पद्धतींतही हा वाद मुरलेला आहे. काहींत सुरुवातीची भेग अभ्यासकालाच आखून द्यावी लागते. ‘फेज फील्ड’ पद्धतीत ऊर्जेच्या हिशेबातून तडा आपली वाट स्वतः काढतो. साध्या ‘परिमित घटक’ (फायनाइट एलिमेंट) पद्धतीत तो पुष्कळदा पदार्थाचे तुकडे पाडण्यासाठी आखलेल्या जाळीच्या कडांनीच सरकतो. मग पडद्यावर दिसणारी अटळता पदार्थाची की जाळी आखणाऱ्याची? माझ्या मते तिच्यात माणसाच्या निवडीचा वाटा मोठा आहे, आणि जिथे निवड आहे तिथे जबाबदारीही आहे.

तारापूर ज्या पालघर जिल्ह्यात आहे, तिथे हा प्रश्न ग्रंथांपुरता उरत नाही. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरीच्या पट्ट्यात भूकंपाचे धक्क्यांवर धक्के बसले. बोईसर-तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत रासायनिक कारखान्यांचे स्फोट झाले आहेत. अशा वेळी ‘नशिबात होते’ म्हणणे म्हणजे आघात कुणी होऊ दिला, हा प्रश्नच पुसून टाकणे. ३ आणि ४ क्रमांकाच्या अणुभट्ट्यांसाठी अक्करपट्टी आणि पोफरणच्या माणसांनी आपली गावे सोडली. सुरक्षिततेचे गणित कोणती भेग, कोणता आघात गृहीत धरून मांडले आहे, हे त्यांना समजेल अशा मराठीत सांगितले पाहिजे.