घोडे दोन, घड्याळ एक

बुद्धिबळाला सभ्यांचा खेळ म्हणणाऱ्यांनी जलद डावाचं शेवटचं मिनिट पाहिलेलं नसावं. एरवी प्यादं उचलतानाही त्याची परवानगी मागतील अशी माणसं त्या मिनिटात घड्याळावर अशा थपडा मारतात की डास बरे!

रशियातल्या नालचिक गावी 2008 साली महिलांची विश्वविजेतेपद स्पर्धा झाली. पहिल्याच फेरीत पोलंडची मोनिका सोच्को आणि रुमानियाची सबिना फोइशोर यांची बरोबरी काही सुटेना. तेव्हा शेवटचा निर्णायक डाव. त्यात पांढऱ्याला वेळ थोडा जास्त, पण काळ्याला नुसत्या बरोबरीवर विजय. काळी फोइशोरकडे. मारामारी होता होता पटावर उरलं काय? दोघींचा एकेक राजा नि एकेक घोडा. एवढ्यावर मात करायची म्हणजे रिकाम्या पातेल्यात श्रीखंड घोटायचं. आणि तेवढ्यात फोइशोरची वेळ संपली.

पंचांनी बरोबरी दिली. सोच्कोने दाद मागितली. नियम असा, की कशीही खेळी केली तरी मात होणारच नसेल, तरच बरोबरी. इथे होऊ शकते. कशी? तर फोइशोरने आपला राजा कोपऱ्यात नेऊन बसवायचा, आपल्याच घोड्याने त्याची वाट अडवायची, आणि मग पाहुण्या घोड्याची वाट बघायची. थोडक्यात, घरमालकाने कडी काढून, तिजोरीची किल्ली देऊन वर चहा टाकला, तर चोरी शक्य आहे! दाद मान्य झाली. सोच्को पुढच्या फेरीत गेली.

हे नीतीला धरून झालं का हो? आमचे एक वकील स्नेही म्हणाले, "नियमात बसतं ना? मग झालं." वकिलांची नीती तिथेच बसते, उठत नाही. मला आधी फोइशोरचीच कणव आली. पण वेळ हीसुद्धा वजिराइतकीच सामग्री; गमावलेला वजीर आपण कुठे परत मागतो?

घरात हे सांगितलं तर सौ. म्हणाली, "अहो, पण त्या बाईने बरोबरी घेऊन गप्प का नाही बसायचं? शोभलं असतं."

शोभलं असतं खरं, पण तिच्यापुरती बरोबरी म्हणजे हारच होती. एकीची बरोबरी हा विजय आणि दुसरीची तीच बरोबरी हा पराभव, असा हिशेब ज्यांनी कागदावर मांडला, ते तर त्या पटावर बसलेच नव्हते.