येणारं पाणी

नाशिक जिल्ह्यातला एक आमदार होता. पहिल्यांदाच निवडून आला होता. पावसाळी अधिवेशनासाठी त्याला गोदावरीच्या पूररेषेवर तारांकित प्रश्न टाकायचा होता. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला मनाई, निळ्या आणि लाल रेषेच्या मध्ये अटी, एवढं त्याला ठाऊक होतं. पण आत अडकलेल्या जुन्या घरांचं काय, हे त्याला सरकारला विचारायचं होतं.

त्याचा सहायक तरुण होता, कामसू होता. त्यानं मोबाइलमधल्या एआयला विचारलं आणि मिनिटभरात टिपण तयार झालं. त्यात शासन निर्णयाचा विषय होता, खाली लांबलचक संकेतांक होता, भाषा तर मुरलेल्या कक्ष अधिकाऱ्याची होती. आमदार खूश झाला. मूळ निर्णयाची प्रत काढायला तो विधानभवनाच्या ग्रंथालयात गेला.

तिथल्या बाईंनी चष्मा सारखा केला. आकड्यांवरून बोट फिरवलं. एका जागी बोट थांबलं.

"साहेब, संकेतांकाचे पहिले आठ आकडे म्हणजे वर्ष, महिना, दिवस. यात महिन्याच्या जागी १४ आहे."

सहायकाचा चेहरा उतरला. "पण मॅडम, त्यानं किती ठामपणे सांगितलं!"

"माहीत असलं तरी तो ठाम, नसलं तरी ठाम," बाई म्हणाल्या. "कोणत्या शब्दापुढं कोणता शब्द शोभतो, ते त्याला छान येतं. निर्णय खरंच निघाला होता का, ते आपण बघायचं."

प्रश्न त्या दिवशी गेला नाही.

त्याच आठवड्यात नाशिकला पावसानं झोडपलं. गंगेला, म्हणजे गोदावरीला, पाणी आलं म्हणून आमदार रामकुंडावर गेला. पात्रात उभ्या असलेल्या दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्यापर्यंत पाणी होतं. नाशिककर पूर फुटांत मोजत नाहीत. गुडघा, कंबर, छाती असा मारुतीच्या अंगावर मोजतात. काठावर एक फुलवाली मावशी टोपल्या आवरत होती.

"मावशी, अजून तर गुडघ्यालाच आहे. एवढ्यात आवरलं?"

"मारुती खोटं सांगत नाही, दादा. पण त्याला आत्ताचं पाणी कळतं, येणारं नाही. गंगापूर धरणातनं विसर्ग वाढवलाय. ते पाणी इथं पोचायला वेळ लागतो. मारुतीकडं बघायचं, अन् धरणाचीही खबर घ्यायची."

दुपार कलताना पाणी कमरेला लागलं. मावशीच्या टोपल्या केव्हाच वर गेल्या होत्या.

आमदार पुन्हा ग्रंथालयात गेला आणि म्हणाला, "बाई, मला शिकवा. माझ्या माणसालाही शिकवा." एकाचे चार झाले, चाराचे बारा झाले. काही आमदार होते, काही त्यांचे सहायक, काही सचिवालयातले कर्मचारी. जगभरच्या संसदांच्या आंतर-संसदीय संघानं डिसेंबर २०२४ मध्ये एआय वापरण्याची मार्गदर्शक तत्त्वं काढली होती, ती बाईंनी आधी मराठीत समजावली. मग म्हणाल्या, "आता ज्याचं उत्तर तुम्हाला पाठ आहे, तेच यंत्राला विचारा."

एकानं गावच्या पाझर तलावाचं विचारलं, तर यंत्रानं तलाव शेजारच्या तालुक्यात नेऊन ठेवला. एका ताईंनी साठ पानी विधेयकाचा गोषवारा काढून घेतला. तो सुरेख निघाला होता. बाईंनी मूळ मसुदा शेजारी ठेवायला लावला, तेव्हा दिसलं की एका कलमाखालचं परंतुक गळलंय. आणि लहान शेतकऱ्याची सूट नेमकी त्या परंतुकात होती. ताई बराच वेळ त्या ओळीकडे बघत राहिल्या. त्या दिवशी आणखी एक गोष्ट ठरली. लोकांच्या अर्जातलं नाव, आधार क्रमांक, आजारपण यंत्रात टाकायचं नाही. ज्यानं विश्वासानं अर्ज दिला, त्याचं ते गुपित आहे.

आमदाराचा प्रश्न पुढं खऱ्या कागदासह गेला.

मावशीनं काही मारुती घडवला नव्हता. पण तो काय सांगतो आणि काय सांगू शकत नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. लाखो लोकांच्या वतीनं हात वर करणाऱ्याला यंत्राबद्दल निदान एवढं तरी ठाऊक हवं.

मग सिंहस्थ कुंभमेळ्याच्या तयारीची बैठक आली. २००३ च्या सिंहस्थात नाशिकला चेंगराचेंगरी झाली होती, ३९ माणसं गेली होती. ती आठवण खोलीतल्या प्रत्येकाच्या मनात होती. पडद्यावर गर्दी मोजणारं एआय दाखवत होते. प्रत्येक डोक्याभोवती हिरवी चौकट उमटत होती, कोपऱ्यातला आकडा भराभर वाढत होता. माना डोलत होत्या.

आमदारानं हात वर केला.

"आपलं स्नान ऐन श्रावण-भाद्रपदात असतं. पाऊस आला आणि छत्र्या उघडल्या, की हे माणसं मोजतं की छत्र्या?"

माहिती देणारा थांबला. "ते तपासलेलं नाही, साहेब."

"मग तपासू," आमदार म्हणाला. "भर पावसात, रामकुंडावर."

शेजारी बसलेल्या सहायकानं वही उघडली आणि ते लिहून घेतलं.