उसन्या डोळ्यांचे मोल : एका खेळाच्या नियमाचा अन्वयार्थ

१९७४ साली अमेरिकेत परस्परांशी काहीही संबंध नसलेल्या दोन गोष्टी प्रसिद्ध झाल्या. एक, गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ. आणि दुसरी, वटवाघूळ असणे म्हणजे नेमके काय असणे, हा प्रश्न विचारणारा थॉमस नेगेल यांचा निबंध. खेळात काही जण टेबलाभोवती बसून पात्रे धारण करतात, ‘डन्जन मास्टर’ म्हटला जाणारा सूत्रधार कल्पित जग शब्दांतून उभे करतो आणि फासे व छापील नियम यांच्या आधाराने कथा पुढे सरकते. नेगेल यांचे प्रतिपादन असे, की प्रतिध्वनीने वाट शोधणाऱ्या प्राण्याविषयी सारी वस्तुनिष्ठ माहिती हाती आली, तरी त्याच्या अनुभवाचे अंतरंग माणसाच्या आवाक्याबाहेरच राहते. तत्त्वज्ञाने जो दरवाजा बंद म्हणून दाखवला, तो खेळाच्या नियमपुस्तकाने एका परिच्छेदात उघडून ठेवला आहे. तो परिच्छेद कसा वाचावा, हा प्रश्न दिसतो तितका क्षुल्लक नाही.

२०१४ च्या पाचव्या आवृत्तीतील ‘फाइंड फॅमिलियर’ या मंत्राचा आशय असा : मांत्रिकाने बोलावलेला एक आत्मा घुबड, मांजर, वटवाघूळ अशा एखाद्या प्राण्याचे रूप घेऊन त्याचा अंकित होतो. तो शंभर फुटांच्या आत असताना मांत्रिक आपली कृती खर्च करून त्याच्या डोळ्यांनी पाहू शकतो, त्याला ऐकू येते ते ऐकू शकतो आणि त्याच्या विशेष संवेदनांचा लाभ घेऊ शकतो. मात्र तेवढा काळ तो स्वतःच्या इंद्रियांपुरता आंधळा आणि बहिरा होतो.

येथे पहिला वाद उद्भवतो तो गंधाचा. नियमात डोळे आणि कान यांचाच उल्लेख आहे. मग अंकित उंदराला आलेला वास मांत्रिकाला येईल काय? मीमांसकांनी अशा प्रश्नांसाठी घडवलेली हत्यारे येथे आश्चर्यकारकपणे उपयोगी पडतात. कावळ्यांपासून दही राखायला सांगितलेला मुलगा कुत्र्यालाही हाकलतो, कारण तेथे ‘कावळा’ हे उपलक्षण असते आणि दही वाचवणे हे प्रयोजन असते. या न्यायाने, माहिती मिळवणे हे मंत्राचे प्रयोजन मानले तर गंधही त्यात येतो. उलट बाजूने कोणी म्हणेल, की ही परिसंख्या आहे. दोनांची नावे घेऊन इतरांचा निषेध केला आहे. परंतु परिसंख्येला आधी काही प्राप्त असावे लागते, तरच ते वगळता येते. दुसऱ्याच्या नाकाने हुंगणे माणसाला स्वभावतः प्राप्तच नाही. म्हणजे हा अपूर्वविधी आहे : जे अन्यथा मिळत नव्हते ते तो देतो, आणि जेवढे सांगितले तेवढेच देतो. संहितेतच याला पुष्टी देणारे लिंग आहे. मांत्रिक गमावतो दृष्टी आणि श्रुती. मिळवतो दृष्टी आणि श्रुती. गंध त्याने गमावलेला नाही, म्हणून त्याला तो मिळतही नाही. नियमाची रचना देवघेवीची आहे.

दुसरा प्रश्न अधिक खोल आहे. टेबलावर वटवाघूळ नसते. असते ते सूत्रधाराचे निवेदन. प्राण्याची संवेदना खेळाडूपर्यंत येते ती माणसाच्या भाषेत. अंधाऱ्या दालनात मेजावर पत्र पडले आहे, अशी कल्पना करावी. घुबडाच्या डोळ्यांनी पाहणाऱ्या मांत्रिकाला ते वाचता यावे, कारण डोळे घुबडाचे असले तरी अक्षरओळख मांत्रिकाची आहे. परंतु प्रतिध्वनीला सपाट शाई जाणवत नाही. वटवाघळामार्फत मेजाचा आकार कळेल, कागदाची कड कदाचित कळेल, मजकूर नाही. ‘तुला पत्र दिसते’ असे म्हणणारा सूत्रधार नियम मोडतो असे नव्हे. तो वटवाघळाला पुसून त्या जागी एक दुर्बीण ठेवतो. नेगेल यांचा प्रश्न येथे निवेदनाचा प्रश्न होतो, आणि कादंबरीकाराच्या परकायाप्रवेशाविषयी समीक्षा जे विचारते तेच येथे विचारावे लागते : ज्याच्या नजरेतून सांगितले जात आहे, त्याची मर्यादा निवेदनात उरली आहे काय?

या मर्यादेला नैतिक बाजूही आहे. मेड्यूसाच्या नजरेने दगड होण्याचा धोका तिच्यापासून तीस फुटांच्या आत असणाऱ्याला असतो. नव्वद फुटांवरचा मांत्रिक घुबडाच्या डोळ्यांनी तिला पाहतो. दगड व्हायचेच झाले तर घुबड होते. अंकित जीव मारला गेला तर नाहीसा होतो, आणि एक तास व दहा सुवर्णनाण्यांचा कोळसा, धूप व वनस्पती खर्चून परत बोलावता येतो. ‘बीस्ट सेन्स’ या दुसऱ्या मंत्रात प्राणी राजी असावा लागतो. अंकित जीव मात्र आज्ञा नेहमी पाळतो, त्याची संमती विचारलीच जात नाही. अशा व्यवस्थेत पाहणाऱ्यावर पडणारा एकच भार उरतो : पाहताना स्वतः आंधळे होणे.

२०२४ च्या सुधारित आवृत्तीत ही अट ‘फाइंड फॅमिलियर’मधून गेली आणि कृतीचा खर्चही हलका झाला, ‘बीस्ट सेन्स’मध्ये तर प्राण्याच्या संवेदना स्वतःच्या संवेदनांच्या जोडीने मिळू लागल्या. या बदलामागे खेळाच्या सोयीचा विचार असू शकतो. एका खेळाडूचे पात्र आंधळे बसून राहिले की खेळाची लय मोडते, हे मान्य करावे लागेल. अंकित जीव हा आत्मा आहे, त्याला मरण नाही, आणि हे सारे कल्पित आहे, हेही खरे. परंतु कल्पित जगाचे नियम म्हणजे तेथे काय फुकट मिळावे याविषयी खऱ्या माणसांनी घेतलेले निर्णय असतात. जुन्या अटीबरोबर गंधाच्या वादातील ते लिंग गेले, आणि त्याबरोबर एक समजही गेली : दुसऱ्याच्या जागेवरून पाहायचे तर आपली जागा क्षणभर सोडावी लागते.

नियम बदलला तरी सूत्रधाराच्या हाती निवेदन उरतेच. वटवाघळाकडून आलेले जग सांगताना तो रंग गाळू शकतो, अक्षरे गाळू शकतो, कडा आणि अंतरे तेवढी ठेवू शकतो. छापील अटीने लादलेले आंधळेपण मग शब्दांच्या संयमातून येईल. ते पत्र मेजावर तसेच पडून राहील, न वाचलेले. आणि ते वाचायचे असेल तर मांत्रिकाला त्या अंधाऱ्या दालनात स्वतःच्या पायांनी जावे लागेल.