मुंगीच्या घरचा पाहुणा

अतिथीला देव मानणाऱ्या आमच्या समाजाला अडचणींत टाकील असें एक उदाहरण कीटकसृष्टींत आहे. युरोपांतील कांहीं वारुळांत लोमेकूसा नांवाचा, पाठ उघडी राहील इतक्या आखूड कवचाचा एक भुंगा राहतो. मुंगी समोर आली म्हणजे तो उदराच्या टोंकाचा स्राव तिला चाटावयास देतो. तिचा राग शमतो, आणि ती त्याला उचलून थेट आपल्या अळ्यांच्या दालनांत नेते. त्याच्या अळ्या मुंगीच्या तोंडाशीं तोंड लावून घांस मागतात. शिवाय शेजारच्या मुंगीच्या अळ्याही खातात!

जेझुइट पाद्री व कीटकशास्त्रज्ञ एरिक वास्मान (१८५९–१९३१) यांनीं यांत अतिथिप्रेमाची एक स्वतंत्र उपजत प्रेरणा पाहिली. अमेरिकन पंडित व्हीलर यांच्या मतें ती वाट चुकलेली संगोपनवृत्ति होती. पुढें १९७० च्या सुमारास बर्ट होल्डोब्लर यांनीं भुंग्याच्या कुशीवरील ग्रंथि बंद करून पाहिल्या, तेव्हां मुंग्यांनीं त्याला घरांत घेतलें नाहीं. कौल व्हीलरांकडे झुकतो हें उघड आहे.

मग मुंगीच्या वात्सल्याला दोष द्यावा काय? आम्हांला तसें वाटत नाहीं. ज्या खुणेला ती फसते, त्याच खुणेवर तिचीं स्वतःचीं पोरें जगतात. प्रत्येक घासापूर्वीं कुळाची चौकशी करणारें वारूळ आधीं आपल्याच अळ्यांना उपाशी मारील.

कोणी हें उदाहरण घेऊन माणसांकडे वळला कीं मात्र आम्ही सावध होतों. फाळणीनंतर सिंधमधून आलेले निर्वासित कल्याणजवळच्या लष्करी बराकींत राहिले. १९४९ सालीं त्या छावणीचें उल्हासनगर झालें. अंबरनाथ-बदलापूरच्या गाडींत 'बाहेरचे' हा शब्द आजही कानांवर येतो, आणि त्याच्या मागोमाग 'बांडगूळ' हाही. निर्वासितांनीं दुकानें थाटलीं, कारखाने काढले, असें उत्तर यावर देतात. तें खरें आहे. पण तें आम्हांला पुरेसें वाटत नाहीं. पहिल्या रात्रीं बराकींत उतरलेल्या म्हातारीनें आपला उपयोग कोणाला सिद्ध करून दाखवावयाचा होता? मुंगीला विचारतां येत नाहीं, भुंग्याला सांगतां येत नाहीं. माणसाला विचारतां येतें, आणि तो सांगतो.

लोमेकूसा शरदांत एका जातीच्या मुंग्यांचें घर सोडून दुसऱ्या जातीच्या वारुळांत हिंवाळा काढावयास जातो, आणि वसंतांत परततो. म्हातारीचें घर सीमेपलीकडे राहिलें होतें.