दरोग्याची साक्ष

एखाद्या अभिजात भयकथेची रंगभूमीवर व पडद्यावर झालेली रूपांतरे मिळतील तेथून मिळवून पाहावीत, प्रत्येकाविषयी आपला अभिप्राय लिहून ठेवावा, आणि नवे रूपांतर आले की जुन्या टिपणांशी ते ताडून पाहावे, हा छंद वरकरणी रिकामपणाचा भासला, तरी तो निष्ठेने चालविणारा रसिक मूळ ग्रंथाच्या जितका निकट जाऊन पोहोचतो, तितका त्या ग्रंथाची नुसती पारायणे करणारा वाचक क्वचितच पोहोचतो, असे माझे अनुभवान्ती झालेले मत आहे. रूपांतरकाराने जे गाळले त्याची जागा रिकामी दिसू लागते, आणि मूळ लेखकाने ते तेथे कोणत्या हेतूने ठेवले होते हा विचार तेव्हाच प्रथम मनात येतो. गास्ताँ लरू या फ्रेंच लेखकाची ‘फँटम ऑफ द ऑपेरा’ या नावाने जगाला ठाऊक झालेली कादंबरी व तिचा रूपांतरांचा परिवार यांच्या सहवासात हा विचार मला वारंवार करावा लागला आहे.

लरू हा पेशाने बातमीदार. न्यायालयांतील खटल्यांची वार्तापत्रे लिहून त्याने नाव मिळविले होते. १९०९ च्या सप्टेंबरपासून १९१० च्या जानेवारीपर्यंत ‘ल गोल्वा’ या पॅरिसच्या दैनिकात क्रमशः प्रसिद्ध झालेली ही कथा त्याने एखाद्या चौकशीच्या मिसलीसारखी रचलेली आहे : पत्रे, आठवणी, जबान्या, आणि त्या सर्वांची छाननी करणारा निवेदक. वास्तूही खरीच. शार्ल गार्निए या स्थपतीने बांधलेले व १८७५ साली उघडलेले ते भव्य संगीतगृह, पाया खणताना पाणी हटेना म्हणून त्याच्या तळाशी बांधावा लागलेला विस्तीर्ण जलाशय, आणि १८९६ साली प्रयोग चालू असता झुंबराचे एक प्रतिभारवजन कोसळून झालेला एका स्त्रीचा मृत्यू, या इतिहासातील गोष्टींवरच लरूने आपल्या कल्पिताची उभारणी केली. तळघरात राहणारा एरिक हा जन्मतःच प्रेतासारख्या मुखाचा, परंतु स्वर्गीय कंठाचा पुरुष. क्रिस्तीन ही त्याची शिष्या व अभिलाषेचा विषय. राऊल हा तिचा तरुण प्रियकर. या तिघांना प्रत्येक रूपांतरात कमीअधिक न्याय मिळतो. ज्याला तो मिळत नाही असा चौथा मनुष्य म्हणजे लरूने ज्याला केवळ ‘इराणी’ म्हटले आहे आणि एरिक ज्याला ‘दरोगा’ अशीच हाक मारतो, तो माझंदरानचा एकेकाळचा पोलीस अधिकारी.

या दरोग्याचा पूर्ववृत्तान्त मोठा विलक्षण आहे. शहासाठी गुप्त द्वारांचा राजवाडा बांधून देणाऱ्या एरिकने ती गुपिते अन्य कोणाला सांगू नयेत म्हणून त्याला ठार करण्याचा हुकूम सुटला, तेव्हा समुद्रकिनाऱ्यावर वाहत आलेले एक प्रेत एरिकचे म्हणून दाखवून दरोग्याने त्याचे प्राण वाचविले. आणि त्या दयेची किंमत म्हणून अंशतः मालमत्ता जप्त होऊन, देशाबाहेर, सरकारी खजिन्यातून मिळणाऱ्या बेताच्या तनख्यावर पॅरिसमध्ये दिवस कंठण्याची पाळी त्याच्यावर आली. एरिकची क्रूर कृत्ये तो जाणतो. आपण वाचविलेला मनुष्य पुढे ज्यांचे प्राण घेईल त्यांच्या मृत्यूचा काही अंश आपल्या शिरावर येतो, हेही तो जाणतो, आणि म्हणूनच तो पाळत ठेवतो.

आता कादंबरीचा परमोच्च क्षण कोणता ते पाहावे. एरिक क्रिस्तीनच्या कपाळाचे चुंबन घेतो आणि ती मागे सरत नाही. सख्ख्या आईनेही ज्याला कधी जवळ येऊ दिले नाही, मुखवटा अंगावर टाकून जी दूर पळाली, अशा त्या मनुष्याबरोबर ती रडते. आणि तो तिला मुक्त करतो. हा प्रसंग लरूने आपल्या डोळ्यांपुढे घडविलेलाच नाही! मरणाला टेकलेला एरिक दरोग्याच्या घरी येतो, भिंतीचा आधार घेतो, आणि ही हकीकत सांगतो. ऐकणारा कोण, तर ज्याला एरिकने नुकतेच आपल्या आरशांच्या यातनागृहात मृत्यूच्या दाढेत लोटले होते तो. संभाषणाचा आरंभही एखाद्या तपासासारखा होतो; राऊलच्या ज्येष्ठ बंधूच्या मृत्यूचा जाब दरोगा प्रथम विचारतो. मग एरिक बोलू लागतो, आणि तपासाचे प्रश्न आपोआप थांबतात. ज्याच्यापाशी अपराधांची संपूर्ण यादी आहे त्याच्याच कानी ही करुणेची कथा पडावी, या योजनेत लरूचे सारे सामर्थ्य एकवटले आहे, असे मी मानतो.

म्हणून कोणतेही रूपांतर पाहताना माझा पहिला प्रश्न मुखवट्याविषयी नसतो. दरोगा कोठे आहे, हा असतो.

१९२५ च्या अमेरिकन मूकपटात लॉन चेनी या नटाने स्वतः केलेली रंगभूषा आजही थरारून सोडते. आईबाप दोघेही मूकबधिर असल्याने चेहऱ्याने व हातांनी बोलण्याची विद्या त्याला बालपणापासून अवगत होती. परंतु मूकपटात एरिकचा कंठ ऐकू येणे अशक्य, तेव्हा त्याच्या वाट्याला केवळ कुरूपता उरली. दरोग्याचे तर फ्रेंच गुप्त पोलिसातील लदू नामक अधिकाऱ्यात परिवर्तन झाले. डोक्यावरची टोपी तेवढी पूर्वेकडची राहिली. वाद्यासमोर एरिक प्राण सोडतो असा प्रथम चित्रित केलेला शेवटही बदलण्यात आला, आणि संतप्त जमाव पाठलाग करून त्याला सीन नदीत फेकतो असा नवा शेवट जोडला गेला. ऐकून घेणाऱ्या एका मनुष्याची जागा जमावाने घेतली, आणि ही हानी मला मोठी वाटते.

१९४३ च्या रंगीत चित्रपटात व १९६२ च्या इंग्रजी चित्रपटात नायकाचे संगीत चोरीस गेल्याची कल्पना आणि चेहरा आम्लाने जळाल्याची कल्पना आली. (१९४३ सालच्या चित्रपटात ती चोरी केवळ त्याच्या संशयात आहे.) कुरूपतेला असे कारण देण्याने प्रेक्षकाची एका अवघड प्रश्नातून सुटका होते, कारण अपघाताचा दोष कोणा एकावर ठेवता येतो, निर्दोष अर्भकाला पाहून पाठ फिरविणाऱ्या जगाचा दोष ठेवायचा कोणावर? तथापि १९३७ साली शांघायमध्ये निघालेल्या ‘मध्यरात्रीचे गीत’ या अर्थाच्या नावाच्या चिनी चित्रपटाला हा आक्षेप मी लावीत नाही. तेथेही आम्लच आहे, परंतु ते एका क्रांतिकारक गायकाच्या तोंडावर जुलमी सत्ताधाऱ्याच्या हस्तकांनी टाकलेले आहे. दिग्दर्शक मा-श्यू वेइबांग यांनी कथा मुळापासून उपटून आपल्या भूमीत लावली आणि ती तेथे रुजली. मूळच्या शब्दाला जागणे आणि मूळच्या सत्त्वाला जागणे यांतील अंतर मला या चित्रपटाने जितके स्पष्ट दाखविले तितके कोणत्याही समीक्षाग्रंथाने दाखविलेले नाही.

अँड्र्यू लॉइड वेबर यांच्या १९८६ च्या संगीतिकेने मात्र एरिकला त्याचा कंठ परत दिला, हे तिचे मोठे ऋण होय. न्यूयॉर्कमध्ये १९८८ पासून २०२३ पर्यंत १३,९८१ प्रयोग झालेली ही कृती २०२५ च्या मार्चमध्ये मुंबईतही आली. परंतु गाण्याच्या सोयीसाठी मुखवटा अर्धा झाला, आणि उरलेल्या अर्ध्या चेहऱ्यावर सौंदर्य येऊन बसले. एरिकने हिंदुस्थानात आत्मसात केल्याचे लरू सांगतो तो ‘पंजाबी फास’ येथे शिल्लक आहे. त्यापासून जपण्यासाठी हात डोळ्यांपर्यंत उंच धरण्याचा दरोग्याचा उपदेशही शिल्लक आहे. उपदेश करणारा तेवढा नाहीसा झाला. त्याची माहिती मादाम जिरी या बाईकडे सोपविली गेली, आणि चुंबन, तेही आता क्रिस्तीननेच घेतलेले, गळ्यात फास असलेल्या राऊलसमक्ष घडते. प्रेक्षागृह हेलावून जाते, मीही हेलावतो. परंतु हा राऊल प्रतिस्पर्धी आहे, एरिकचे पूर्वायुष्य त्याने पाहिलेले नाही, आणि त्याच्या उपस्थितीला साक्षीची योग्यता येत नाही.

वेबर यांच्याही आधी केन हिल या इंग्रज नाटककाराने आपल्या संगीतिकेत इराणी गृहस्थाला जागा दिली होती, याबद्दल मी त्याचा कृतज्ञ आहे. तथापि त्या प्रयोगाचा कल विनोदाकडे असल्याने दरोग्याचे गांभीर्य त्यात पुरते उतरत नाही. ते उतरविण्यासाठी तळघर, तळे, झुंबर यांपैकी कशाचीही गरज नाही. रिव्होली रस्त्यावरील दरोग्याच्या घरातील एक खोली, दोन वयस्क पुरुष, आणि एकाने सांगावे व दुसऱ्याने ऐकावे एवढा अवधी कोणी दिग्दर्शक देऊ शकला, तर त्या रूपांतराविषयी लिहिण्यासाठी माझ्या वहीत मी पुष्कळ पाने राखून ठेवली आहेत.