साथ कोणाची?

वैनगंगेकाठच्या, भंडारा जिल्ह्यातील एका गावच्या भजनी मंडळाने आम्हांस शंका विचारली : मोबाईलमधल्या तबला-तंबोऱ्याच्या साथीवर अभंगाचा रियाज करावा काय? त्यावर नवी चाल बसवली तर दोष लागतो काय? उत्तर सोपे वाटले, म्हणून लगेच लिहायला बसलो.

यंत्र काही नवे नाही. बंगळुरूच्या जी. राज नारायण यांनी १९७९ मध्ये विजेवरचा तंबोरा केला. पुढे तबलाही पेटीत शिरला. तिकडे कॅनडात पीटर गॅनन यांनी १९९० मध्ये असे सॉफ्टवेअर आणले की, गाण्याची स्वरसंगती तेवढी लिहून द्यावी, पियानो नि ढोल संगणकच वाजवितो. आता तसले सारे खिशात मावते. पट्टी लावा, लय आकड्यात सांगा, की भजनी ठेक्याच्या आठ मात्रा सुरू. गाणारा थकेल, ठेका थकत नाही.

आमचे मत अर्थातच विरुद्ध होते. कीर्तनात बुवा एखाद्या चरणावर थबकले की मृदंगी हात आवरतो. गजर चढला की न सांगता लय वाढवितो. यंत्र कान देतच नाही. चाल बांधण्याचेही तेच. थोरल्या अभंगाचे तीन चरण सहा-सहा अक्षरांचे, चौथा चारच अक्षरांचा. त्या आखूड चरणाशी जी उसंत मिळते, तिथे अर्थ मनात उतरतो. यंत्र ती उसंत मोजून देते, वर एक मात्राही नाही. कोणी म्हणेल, तुकडोजी महाराजांनी तरी साथीदाराची वाट कुठे पाहिली? खरे आहे. पण खंजिरी त्यांच्याच हातात होती. ती गाणाऱ्याच्या श्वासाबरोबर थांबते.

एवढे लिहून झाले आणि त्या गावी जाण्याचा योग आला. मंडळ बायांचे आहे, हे तिथे कळले. दिवसभर धानाची रोवणी करून त्या रात्री नऊला देवळात जमतात. मोबाईल तांब्याला टेकवून ठेवलेला. गावात मृदंगी असताना हे कशाला, असे आम्ही विचारले. त्यांतली वडीलधारी बाई म्हणाली, “बोलावलं होतं ना भाऊ. बायांच्या भजनात वाजवणं त्याले कमीपणाचं वाटते. हा मोबाईल रागावत नाही, आन् उशीर झाला म्हणून उठूनबी जात नाही.”

जनाबाई-सोयराबाईंच्या अभंगांवर आम्ही तास-तास निरूपण करतो. त्या रात्री मात्र आम्हांला बोलता येईना. यंत्र कान देत नाही, हा आमचा आक्षेप. पण या बायांना आधी कान कोणी दिला नाही? लिहिलेले उत्तर फाडून टाकले. रियाज खुशाल करावा, असे तोंडीच सांगितले. चाल मात्र आधी नुसत्या टाळावर म्हणून पाहावी, शब्द नीट बसले की मग ठेका लावावा.

दुसऱ्या सकाळी मृदंग्याच्या घरी गेलो. वाद पुष्कळ झाला, तो सांगत नाही. रात्री तो आला, जरा घुश्शातच. पहिल्याच अभंगात शेवटच्या चरणाशी त्याने हात आवरला, आणि बाया तशाच पुढे निघून गेल्या. मोबाईल कधी थांबलाच नव्हता, त्यांना तरी थांबणे कुठून ठाऊक असणार? मृदंगी हसला. “पुन्हा घ्या, माय,” म्हणाला.