कच्च्या वहीचा नेम

'स्वतःची शैली शोधा' हा उपदेश कलाशिक्षणात इतका रूढ झाला आहे, की त्यात दडलेल्या नैतिक प्रश्नाकडे सहसा लक्ष जात नाही. स्केचबुक हे या शोधाचे साधन मानले जाते. रोज रेखाटावे, त्यातून स्फूर्ती मिळावी आणि यथावकाश शैली हाती लागावी, अशी ही कल्पना आहे. परंतु आपली ओळख आधी ठरवून मग रेखाटू लागलेला चित्रकार अनुभवाशी प्रामाणिक राहतो, की अनुभवालाच त्या ओळखीच्या साच्यात बसवतो? मर्ढेकरांनी 'वाङ्मयीन महात्मता' (१९४१) या पुस्तकात आत्मनिष्ठेची कसोटी मांडली ती साहित्याच्या संदर्भात. चित्रकाराच्या वहीला ती अधिकच काटेकोरपणे लागू पडते. कारण वही हे आत्मनिष्ठेचे, तसेच आत्मवंचनेचेही पहिले स्थान असते.

शाळेतल्या 'कच्च्या वही'ची कल्पना येथे उपयोगी पडावी. पक्की वही दुसऱ्यासाठी लिहिली जाते. कच्ची वही स्वतःसाठी. तीत खाडाखोड असते, अर्धवट सोडलेले असते, चुकलेलेही असते. तेथे कोणालाही काही पटवून द्यायचे नसते. वहीचे नैतिक मूल्य या मोकळेपणात आहे. मात्र हा मोकळेपणा स्वैर नाही. त्याला नेमाची जोड लागते.

'नेम' हा शब्द मराठीला वारकरी परंपरेने जवळचा करून दिला. बीड जिल्ह्यातील नारायणगड हे नगद नारायण महाराजांचे स्थान 'धाकटी पंढरी' म्हणून ओळखले जाते आणि आषाढी एकादशीला तेथे भाविकांची दाटी होते. दरवर्षी त्याच स्थानी, त्याच तिथीला येणारा वारकरी नव्या अनुभवाच्या शोधात निघालेला नसतो. आपली भक्ती इतरांहून निराळी दिसावी, हाही त्याचा हेतू नसतो. तरीही एका कीर्तनकाराचे निरूपण दुसऱ्यासारखे होत नाही. अभंग तोच, कीर्तनाची चौकट तीच. वेगळेपण येते ते चौकटीशी दीर्घकाळ राखलेल्या निष्ठेतून. स्वत्व हे येथे साध्य नसून नेमाचे आनुषंगिक फळ आहे. भक्ती आणि चित्रकला यांची प्रयोजने भिन्न आहेत, हे मान्य करूनही रेखाटनाच्या वहीला यातून काही घेता येते. स्फूर्ती आली म्हणून वही उघडायची नसते. ती रोज उघडली जाते, म्हणून स्फूर्तीला येण्यास जागा मिळते.

प्रभाकर बरवे (१९३६–१९९५) यांचे उदाहरण या संदर्भात महत्त्वाचे आहे. सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून शिक्षण पूर्ण केल्यावर ते विणकर सेवा केंद्राच्या नोकरीनिमित्त वाराणसीत राहिले. त्या काळातील त्यांच्या चित्रांवर तांत्रिक प्रतिमांचा प्रभाव स्पष्ट दिसतो. ती शैली ओळखता येण्याजोगी होती. पण बरवे तेथे थांबले नाहीत. पुढे घड्याळ, पान, फळ अशा साध्या वस्तू आणि त्यांच्यामधील अवकाश हा त्यांच्या चित्रांचा विषय झाला. दीर्घकाळ लिहिलेल्या त्यांच्या दैनंदिनींत शब्द आणि रेखाटने शेजारी शेजारी नांदतात. वस्तू म्हणजे काय, तिचा आकार आणि तिचा अर्थ यांचे नाते कोणते, हे प्रश्न ते स्वतःलाच विचारीत राहिले. 'कोरा कॅनव्हास' (१९९०) या पुस्तकामागेही हाच चिंतनाचा नेम आहे. ज्याला आज आपण 'बरव्यांची शैली' म्हणतो, ती वस्तूकडे पुन्हा पुन्हा पाहण्याच्या या नेमातून घडलेली आहे.

यावर एक आक्षेप संभवतो. नेमाचा सराव होतो आणि सरावाची सफाई. हात वळणावर पडला की डोळा पाहणे सोडून देतो. मग वहीची पाने भरतात, पण तीत हाताची सवय तेवढी उरते. हा आक्षेप खोटा नाही. नेम आणि सराव यांच्यात भेद करावा लागतो तो इथेच. सरावाला अडखळणे नको असते. नेमाला ते चालते. ज्या वहीत एकही फसलेले रेखाटन नाही, तिच्याविषयी शंका घेण्यास जागा आहे. न जमलेली वस्तू टाळायची आणि जमलेल्या वस्तूंनाच 'माझी शैली' म्हणायचे, ही सोय आहे. कलावंत काय रेखाटतो, याइतकीच तो काय टाळतो याचीही जबाबदारी त्याच्यावर असते. शैलीचा प्रश्न नैतिक ठरतो तो या अर्थाने.

बरव्यांच्या दैनंदिनी २०१९ मध्ये मुंबईतील राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात प्रेक्षकांसमोर मांडल्या गेल्या. खासगी वही सार्वजनिक होणे आक्षेपार्हच असते, असे नाही. त्या प्रदर्शनामुळे एका चित्रकाराची विचारप्रक्रिया अभ्यासकांना उपलब्ध झाली. पण जी वही लोकांनी नंतर पाहिली आणि जी लोकांनी पाहावी म्हणूनच भरली गेली, या दोहोंत मूलभूत अंतर आहे. आज स्केचबुकाचे पान पुरे होताच ते इतरांपुढे ठेवण्याची सोय झाली आहे. अशा स्थितीत कच्ची वही नकळत पक्की होते आणि खाडाखोडीची जागा नाहीशी होते. शैलीची चिंता वाहणाऱ्या नवोदिताने आपल्या वहीतील किती पाने कोणालाही न दाखवण्यासाठी काढली आहेत, एवढे एकदा मोजून पाहावे. शैली कोठून येणार, याचे उत्तर त्याला बहुधा त्या पानांतच मिळेल.